कौसाबाई आणि यशूचं करडू

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर बरेच महिने एक कागद लावलेला आहे. 'लिफ्टमधून करडू नेऊ नये.' खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. करंजाड्याच्या नव्या वसाहतीत आमच्यासारख्या इमारती पैशाला पासरी आहेत, पण असला कागद दुसऱ्या कुठल्या बोर्डावर असेल असं मला वाटत नाही. फ्लॅट बघायला आलेले लोक तो वाचतात, मग पुन्हा एकदा वाचतात, आणि एजंट त्यांना घाईघाईने पार्किंग दाखवायला घेऊन जातो.

मी शाळेत मराठी शिकवते. 'शेळीचे पिल्लू करडू' हे मी इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतलं, पण त्या शब्दाखाली शिक्का मारून सही करायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. खरं तर आमचे चेअरमन पाटणकर यांनी मसुद्यात 'पाळीव प्राणी' असंच लिहिलं होतं. पण तो मीटिंगमध्ये वाचून दाखवल्यावर कौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "पाळीव म्हंजी कुत्रं. करडू पाळीव न्हाई, करडू घरचं आसतंय. म्हंजी ह्यो कागुद माझ्यासाटी न्हाईच." आणि चपला घालून निघाल्या. त्यामुळे नाइलाजाने स्पष्ट लिहावं लागलं.

कौसाबाई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, चौथ्या मजल्यावर. गाव बीडकडचं. सत्तरी ओलांडलेली, उंची बेताची, लुगडं घोट्याच्या वर आणि चाल अशी की सोबत चालणाऱ्याला पळावं लागतं. मोबाइल कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. मुलगा मिलिंद बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे, सून पल्लवी महाडची, बँकेत नोकरी करते. दोघंही शांत, सरळ आणि कौसाबाईंपुढे हतबल.

हतबल होण्याचं कारण म्हणजे बाईंचं एक ठरलेलं वाक्य. "व्हतंय की, न व्हायला काय झालं?" हे वाक्य तोंडातून निघालं की समजायचं, ती गोष्ट आता होणार. घरातलं लोखंडी कपाट जुनं झालं म्हणून मिलिंदने माणसं बोलावली होती. माणसं यायच्या आत कपाट बाहेर पॅसेजमध्ये उभं होतं आणि कौसाबाई त्याला टेकून चहा पीत होत्या. एकदा मिलिंद डबा विसरला तर या लोकलने बेलापूरला पोचल्या. गेटवरच्या गार्डने पास मागितला. त्यांनी वाद घातला नाही. गेटसमोर उभं राहून "मिलिंदाऽऽ" अशी एक हाक दिली, रानात गुरांना देतात तशी. मिलिंद सांगतो की खिडक्यांतून अख्खं ऑफिस डोकावलं आणि त्याचे साहेब स्वतः म्हणाले, जा बाबा, डबा घे.

आणि जगाकडे बघायची त्यांची नजर अजूनही शेळ्या राखणाऱ्या बाईची आहे. बिल्डरने गेटपाशी हौसेने बाग केली, तेव्हा आम्ही सगळे फोटो काढत होतो. कौसाबाई म्हणाल्या, "चारा बरा हाय." मला पित्ताचा त्रास झाला तर म्हणाल्या, "बाई, तुमी नीट रवंथ करीत न्हाईत." खालची पोरं रस्त्यावरून जाणाऱ्या कळपातलं पिल्लू बघून 'बेबी गोट, बेबी गोट' करत नाचायला लागली की यांना सहन व्हायचं नाही. "बेबी तुझ्या आज्जीचं नाव आसंल. ह्येला करडू म्हन. नाव घेतलं की कसं जवळ येतंय बग." पोरांनी करडू म्हटलं. ते जवळ आलं नाही. पण त्यात कौसाबाईंना पोरांचा उच्चार दोषी वाटला.

तर या कौसाबाईंना नात झाली. यशोधरा, म्हणजे यशू. नामकरणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. भंतेजी आले, त्रिसरण झालं, पंचशील झालं, महाडच्या मंडळींनी चांदीचे वाळे आणले, बँकेतल्या मैत्रिणींनी मोठाली खेळणी आणली. आजी मात्र कुठे दिसेना. शेवटी दार ढकलून त्या आल्या. हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून एक काळं तोंड बाहेर आलं होतं, कपाळावर पांढरा टिकला असलेलं. तोंडाने एकदा हॉलभर नजर फिरवली आणि मग बेंबीच्या देठापासून आवाज काढला. यशू दचकून उठली आणि तीही रडू लागली. थोडा वेळ कोण कोणाला उत्तर देतंय ते कळत नव्हतं.

"आई, हे काय?" पल्लवीने विचारलं.

"करडू. यशूचं."

"ठेवायचं कुठे?"

"गॅलरीत. व्हतंय की, न व्हायला काय झालं?"

त्या दिवशी मला ती रीत कळली. कौसाबाईंच्या घरात मुलगी जन्मली की आजीने तिच्या नावाने एक करडू बांधायचं. करडू मादीच हवं. ते मोठं होईल, त्याला पिल्लं होतील, पिल्लांना पिल्लं होतील, आणि ते सगळं त्या मुलीचं. बापाचं नाही, भावाचं नाही, पुढे नवऱ्याचंही नाही. घरात कितीही अडचण असो, तिला विचारल्याशिवाय त्यातलं एकही कोणी द्यायचं नाही की विकायचं नाही. कौसाबाईंच्या आजीने त्यांना दिलं होतं, त्यांच्या आईने मिलिंदच्या थोरल्या बहिणीला, शांताला दिलं होतं. हे सांगताना बाई शांताच्या नावापाशी जरा अडखळल्या, पण मी तेव्हा लक्ष दिलं नाही, कारण करडू माझी ओढणी खात होतं.

गॅलरीतला मुक्काम फार टिकला नाही. मनी प्लांट गेला, तुळस गेली, मिलिंदच्या ऑफिसच्या शर्टाची एक बाही गेली. खालच्या मजल्यावरून लेंड्यांबद्दल लेखी तक्रार आली. पल्लवीने आवाज न चढवता सांगितलं, "आई, बाळ लहान आहे, मला भीती वाटते."  दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई उठल्या, रस्त्यावर उतरल्या आणि खाली बघत चालू लागल्या.

करंजाड्यात शेळ्या कोण पाळतं हे शोधायला आपण चार जणांना विचारलं असतं. कौसाबाई लेंड्यांचा माग काढत गेल्या. टॉवरमागून, मोबाइलच्या दुकानावरून, जिमच्या पायऱ्यांशेजारून तो माग थेट यमूबायच्या दारात जाऊन थांबला.

यमूबाय मूळच्या इथल्याच. त्यांची शेती शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर चार मजले चढले. वर भाडेकरू राहतात. खाली गाड्यांसाठी ठेवलेल्या जागेत यमूबायच्या शेळ्या असतात आणि मुलाची नवी गाडी बाहेर उन्हात उभी असते. यावरून त्या घरात रोज भांडण होतं आणि रोज शेळ्या जिंकतात.

मी कुतूहलाने बरोबर गेले होते, म्हणून ती भेट मला बघायला मिळाली. दोन्ही म्हाताऱ्या आधी एकमेकींशी बोलल्याच नाहीत. कौसाबाईंनी यमूबायच्या एका शेळीचे दात बघितले. यमूबायने कौसाबाईंच्या करडाचं पोट चाचपलं.

"तुमी कुठच्या?" यमूबायने विचारलं.

"बीडच्या. तुमी?"

"आमी हितल्याच. शहर आमचे दारान आला."

एवढ्या ओळखीवर व्यवहार ठरला. तो अर्धलीचा, म्हणजे शेळी एकीची, सांभाळ दुसरीचा, होतील ती पिल्लं निम्मी निम्मी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काही लिहून ठेवायचं का?" दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी काढलेलं पेन परत पर्समध्ये ठेवलं. "लिवायचं कशाला बाई," कौसाबाई म्हणाल्या, "शेळी हाय की समोर."

मग दर रविवारी कौसाबाई यशूला कडेवर घेऊन करडू दाखवायला न्यायला लागल्या. यशू बसायला लागली, रांगायला लागली, चालायला लागली. ती आई आणि बाबाच्या आधी 'कड्डू' म्हणाली, यावर मिलिंदने माझ्याकडे थोडी कुरकुरही केली. इकडे करडाची शेळी झाली, शिंगं आली, हनुवटीला दाढी लोंबायला लागली. तरी कौसाबाईंच्या लेखी ते करडूच. एकदा मी म्हटलं, "आता शेळी म्हणा की तिला." तर म्हणाल्या, "मिलिंदा साहेब झाला म्हणून त्येला मी साहेब म्हनते का?"

पुढे ती व्याली. दोन पिल्लं झाली. यमूबायने बोकड घेतला आणि मादी यशूच्या वाट्याला दिली, तीही आईसारखीच काळी, कपाळावर टिकला असलेली. ती जरा हिंडायला लागली आणि कौसाबाईंचं चित्त थाऱ्यावर राहीना. मला वाटलं आनंदाने. त्यांच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

लिफ्टचं प्रकरण त्याच सुमारास घडलं. यशूला सर्दी झाली होती, पल्लवी तिला खाली पाठवेना. मालकीण खाली येत नाही म्हटल्यावर कौसाबाई करडालाच पदराखाली घेऊन वर निघाल्या. तळमजल्यावर पाटणकर लिफ्टमध्ये शिरले. त्यांच्या हातात वार्षिक सभेचं इतिवृत्त होतं, मी मोठ्या कष्टाने लिहिलेलं. चौथा मजला येईपर्यंत इतिवृत्ताचं शेवटचं पान आणि आभारप्रदर्शन करडाच्या पोटात गेलं होतं. पाटणकर माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नाईक मॅडम, ते माझ्या तोंडाकडे बघून ओरडलं." मागून कौसाबाई म्हणाल्या, "त्येला साहेब आवडले."

मीटिंग झाली, कागद लागला. पुढच्या रविवारी मी बघते तर कौसाबाई करडू छातीशी धरून चार जिने चढून आल्या होत्या. धापा टाकत मला म्हणाल्या, "कागदावर लिफ्ट लिवलंय. जिना कुटं लिवलाय?" पाटणकरांनी जिनाही घाला म्हणून माझ्यामागे लकडा लावला. मी म्हटलं, पुढच्या सभेत बघू.

यशूची सर्दी गेली तरी दर रविवारी त्या करडू वरच आणू लागल्या, आणि एवढा आटापिटा कशासाठी, हे मला कळेना. म्हणून एका रविवारी मी त्यांच्यामागोमाग घरात गेले. करडाचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकत होते. यशू त्याचे कान धरून बसली होती. कौसाबाई नातीसमोर उकिडव्या बसल्या आणि एखाद्या मोठ्या माणसाला त्याच्या दारी जाऊन विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मालकीनबाई, ह्ये करडू आत्याला देऊ का? शांताआत्याला?"

"नाई," यशू म्हणाली.

"बरं," कौसाबाई म्हणाल्या. करडू उचललं, पदराखाली घेतलं आणि जिना उतरून यमूबायकडे परत ठेवून आल्या.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. यशू त्या वयात सगळ्यालाच नाई म्हणत होती, जेवायला, आंघोळीला, झोपायला, खाऊलासुद्धा. तिच्याकडून होकार मिळवणं म्हणजे आमच्या पाटणकरांकडून कौतुक मिळवण्यापैकी होतं. कौसाबाईंनी एकदाही तिला लालूच दाखवली नाही, एकदाही शब्द फिरवून विचारलं नाही. नाई म्हटलं की बरं म्हणायचं आणि चार जिने उतरायचे. त्यांचे पाय सुजायला लागले होते.

शेवटी मिलिंद चिडला. इतका शांत माणूस, पण त्या दिवशी चिडला. "आई, पुरे झालं. ताईला द्यायचंय ना? मी गाडी करतो, देऊन येऊ. यशू दोन वर्षांची आहे, तिला काय कळतंय?"

कौसाबाई करडाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला.

"तुझा बापबी ह्येच म्हनला व्हता," त्या म्हणाल्या. "शांती बारा वर्साची हाय, तिला काय कळतंय."

मग त्यांनी सांगितलं. फार आवाज न करता, भाजी निवडताना बोलावं तसं. मिलिंदला शिकायला तालुक्याला वसतिगृहात धाडायचं ठरलं होतं. पेटी हवी होती, अंथरूण हवं होतं, कपडे हवे होते. घरात विकण्याजोगं एकच होतं, शांताच्या शेळीचं उरलेलं एकुलतं करडू. शांता शाळेत गेली होती. बाजाराचा दिवस होता. बापाने करडू नेलं. संध्याकाळी पोरगी आली तर खुंट्याला नुसतं दावं होतं.

"रडली आसती तर बरं व्हतं. भांडली आसती तर बरं व्हतं. काय बोलली न्हाई. दावं गुंडाळलं आन् आत ठिवलं. पुना कंदी शेळ्यांमागं गेली न्हाई. लगीन झालं, पोरं झाली, आता नातवंडं झाली तिला. ह्या घडीपोतर तिनं त्येचं नाव काढलं न्हाई. आन् दावं बापानं न्हाई सोडलं, म्या सोडून करडू दिलं व्हतं त्येच्या हातात."

 मिलिंद म्हणाला, "मला वाटायचं पेटी मामाने दिली."

"मामानं कुलूप दिलं."

मी जिन्याच्या नोटिशीचा विषय काढायला म्हणून आले होते. तो राहूनच गेला. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी करडाला उगाच च्यक् च्यक् करत बसले.

"यशूलाबी न इचारता न्हेलं," कौसाबाई म्हणाल्या, "तर म्या शांतीला काय दिलं? पुना तेच की."

त्यानंतर मिलिंदने कधी वाद घातला नाही. उलट रविवारी सकाळी तोच यमूबायकडून करडू घेऊन यायला लागला, आईचे जिने वाचावेत म्हणून. पल्लवी करडासाठी कोथिंबिरीच्या काड्या बाजूला काढून ठेवायची. मी दार उघडं ठेवून बसायची. रविवारी सगळ्यांचं एकच काम, यशू काय म्हणते ते ऐकायचं. यमूबायनेही मला रस्त्यात अडवून विचारलं, "पोर काय बोलली? हो बोलली का नाय?"

आणि एका रविवारी ती बोलली. काहीही विशेष घडलं नव्हतं. यशू करडाला काडी भरवत होती, करडू ती ओढत होतं. कौसाबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "मालकीनबाई, आत्याला देऊ का?" यशूने करडाकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि म्हणाली, "दे."

 कौसाबाईंनी पुन्हा विचारलं, "देऊ?"

"दे ना," यशू वैतागून म्हणाली आणि दुसरी काडी घ्यायला उठली.

मिलिंदने लगेच बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. शांताताईंना फोन धरायची सवय नसावी. आम्हाला आधी पत्रा दिसला, मग पंखा, मग नुसतं कपाळ आणि पिकलेले केस. कौसाबाई फोनवर कधी सौम्य बोलत नाहीत, पण त्या दिवशी हलक्या आवाजात बोलल्या.

"शांते," त्या म्हणाल्या, "यशूनं तुला करडू दिलंय. तिचं व्हतं, तिला इचारून दिलंय. पाठवू का?"

पलीकडे शांताताई हसल्या. "मला? म्या काय करू त्येचं आता? गुडगं गेलं माजं, आई. सून म्हनंल म्हातारीला ह्या वयात याड लागलं."  कौसाबाईंचा चेहरा उतरला, आणि इतके जिने चढून कधी दिसला नव्हता तेवढा थकवा मला त्यांच्यावर दिसला. पलीकडचं हसणंही थांबलं. फोनमध्ये पुन्हा पंखा दिसायला लागला. फोन कट झाला असं वाटून मिलिंदने हात पुढे केला, तेवढ्यात आवाज आला.

"कोनत्या रंगाचं हाय?"

"काळं. कपाळावर टिकला."

"कान?"

"लांब. पार गळ्यापोतर."

"माज्याचा एक कान चिरलेला व्हता," शांताताई म्हणाल्या. "डावा. तारंत आडकला व्हता. म्या हळद लावली व्हती त्येला."

कौसाबाईंनी मान हलवली. ते फोनमध्ये दिसलं असेल की नाही कोण जाणे.

"ऱ्हाऊ दे तितंच," शांताताई पुढे म्हणाल्या. "त्या बाईंकडंच ऱ्हाऊ दे. पर माज्या नावानं ऱ्हाऊ दे, आई. आन् कंदी इकायची येळ आली तर मला फोन कर. मला इचार."

"इचारीन."

फोन बंद झाला. मिलिंद उठून गॅलरीत गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. पल्लवीने यशूला उचललं. कौसाबाईंनी करडाला मांडीवर ओढलं, त्याचा डावा कान हातात धरला आणि तो उलटून पालटून बघत, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा बेताने पुन्हा म्हणाल्या, "तुला इचारल्याबिगर न्हाई, शांते."